पाय कुणाचे, आवाज कुणाचा: ड्रम ट्रिगरवरून झालेल्या एका आरोपाचा अभ्यास

आरोप बाहेरच्या कुणी केला असता तर बँडने तो हसण्यावारी नेला असता. पण तो केला बँडच्याच मूळ गिटारवादकाने, कार्यक्रम संपून सामान आवरताना, सगळ्यांसमोर: "याचे पाय खोटे आहेत."

बँड डेथ मेटलचा, पाच जणांचा. ड्रमर नवा. आधीचा सोडून गेल्यावर याला घेतलं ते त्याने पाठवलेल्या रेकॉर्डिंगवरून आणि मग तालमीत ऐकून. दोन्ही वेळा किक ड्रमवर, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या ड्रमवर, ट्रिगर (ठोका पडला की साठवलेला आवाज सोडायला लावणारा सेन्सर) होता आणि तेव्हा ते कुणालाच खटकलं नव्हतं. (माणसं आणि प्रसंग मी अशा अनेक भांडणांतून जुळवून घेतले आहेत, त्यामुळे हा बँड कोणता हे शोधत बसू नये. वेगाचं गणित आणि यंत्राचं वागणं मात्र जसंच्या तसं आहे. ज्याच्याकडे ट्रिगर आहे त्याने ते करून पाहावं.)

घडलं ते असं. ऐन कार्यक्रमात ट्रिगरची केबल गेली. आवाज सोडणाऱ्या मॉड्यूलपर्यंत सिग्नल पोहोचेना. किकमध्ये एक माईकही ठेवलेला होता, साउंड इंजिनिअरने लगेच त्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर ढकलला. चालू गाणं १८० बीपीएमचं, म्हणजे मिनिटाला १८० मात्रांचं, होतं. त्यात किक जराशी पातळ झाली, पण ऐकू येत राहिली. पुढचं गाणं २४०चं. त्यात ती जवळजवळ गेलीच. खाली सलग घरघर, आणि वर हातांनी वाजवायचे स्नेअर आणि सिंबल तेवढे स्पष्ट. गिटारवादक ड्रमरच्या अगदी बाजूला उभा होता. त्याला पाय हलताना दिसत होते आणि ठोके ऐकू येत नव्हते. एवढ्यावरून त्याने निकाल देऊन टाकला: पाय नुसते थरथरतात, वाजवतं ते यंत्र.

ड्रमरचं उत्तर तिथल्या तिथे आलं आणि फारसं उपयोगाचं नव्हतं. "तुझी गिटार तरी कुठे खरी आहे? अॅम्प मॉडेलर, नॉइज गेट, कॉम्प्रेसर. ते काढ आणि वाजवून दाखव." हा युक्तिवाद या वादात हमखास येतो आणि मला तो कधीच पटलेला नाही. दुसऱ्याने काय केलं हे दाखवून आपण काय केलं याचं उत्तर मिळत नाही. शिवाय तो पुरता खराही नाही. मेटलच्या गिटारमध्ये विकृत, दाबलेला आवाज हाच वाद्याचा आवाज आहे हे ऐकणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असतं. ड्रम्सबद्दल मात्र त्याची समजूत वेगळी असते: समोर लाकूड आहे, त्यावर माणूस मारतोय, म्हणजे येणारा आवाज त्या मारण्याचा. या समजुतीला ट्रिगर धक्का देतो. गिटारवादकाच्या रागाचं मूळ इथे आहे, आणि ते बिनबुडाचं नाही.

यंत्र नेमकं काय करतं

ट्रिगर म्हणजे ड्रमच्या कडेला चिमट्यासारखा बसवलेला आणि हेडला (ड्रमच्या ताणलेल्या पडद्याला) टेकलेला सेन्सर, बहुतेक वेळा पिझो जातीचा. तो आवाज ऐकत नाही, कंप टिपतो. कंप ठरावीक उंबरठा ओलांडून गेला की मॉड्यूल समजतं ठोका पडला, आणि आत साठवलेला किकचा आवाज सोडतं. आलेसिसचं डीएम५, स्वीडनच्या क्लाव्हियाने सुरू केलेलं डीड्रम, अलीकडचं रोलँडचं टीएम-२, या सगळ्यांचं मूळ काम एवढंच. सिमन्सचे षटकोनी इलेक्ट्रॉनिक ड्रम १९८१च्या सुमारास आले तेव्हापासून ही कल्पना तीच आहे. मेटलने ती खऱ्या ड्रमवर चिकटवली.

यात न बोलता मान्य केलेली एक गोष्ट आहे. ठोका पडला नाही तर यंत्र गप्प बसतं. ते स्वतःहून वेळ भरून काढत नाही, लय सुधारत नाही, थकलेल्या पायाला सोबत करत नाही. उलट, डावा पाय जरा मागे पडला तर खऱ्या ड्रमच्या लांबट घुमण्यात जी चूक विरून गेली असती ती ट्रिगरच्या टोकदार 'टिक'मध्ये उघडी पडते. वेगवान ड्रमरांच्या स्पर्धांमध्ये ठोके मोजायला ड्रमोमीटर नावाचं यंत्र वापरतात; तेही पॅडवर पडलेला प्रत्येक ठोका विजेनेच मोजतं. तिथे तो पुरावा मानतात. मंचावर त्याच जातीच्या सेन्सरला लबाडीचं साधन म्हणायचं असेल तर कारण वेगळं द्यावं लागेल.

वेगळं कारण आहे, आणि ते जोराशी निगडित आहे. मॉड्यूल प्रत्येक ठोक्याला १ ते १२७ असा जोराचा आकडा देतं. बरेच मेटल ड्रमर हा आकडा वर कुठेतरी, बहुधा थेट १२७वर, कायमचा अडकवून ठेवतात. मग हेडला बीटर (पेडलचा ठोकणारा दांडा) नुसता चाटून गेला तरी बाहेर येतो तो पूर्ण ताकदीचा दणका.

२४०ला किक का हरवते

२४० बीपीएमला मात्रेला चार ठोके म्हणजे मिनिटाला ९६०, सेकंदाला १६. दोन ठोक्यांमध्ये ६२.५ मिलिसेकंद. एकेका पायाच्या वाट्याला सेकंदाला आठ. या वेगात मांडी उचलून मारायला वेळच नसतो; पाय घोट्यातून चालतो, बीटर जेमतेम मागे जातो आणि परत येतो. अंतर कमी, म्हणजे आघात कमी. हे कुठल्याही माणसाचं होतं, चांगल्या ड्रमरचं थोडं कमी होतं एवढंच.

त्यात आवाजाचा स्वभाव. किकचा खालचा गाभा ६० हर्ट्झच्या आसपास धरला तर त्याच्या एका आवर्तनाला साधारण १६.७ मिलिसेकंद लागतात. दोन ठोक्यांच्या मध्ये पुरती चार आवर्तनंही बसत नाहीत. पहिला ठोका विझायच्या आत दुसरा येऊन त्याच्यावर पडतो, आणि त्यात खालच्या सुरात लावलेल्या गिटारी आणि बास नेमकी तीच जागा व्यापून बसलेल्या असतात. कानाला वेगळा ठोका कळतो तो बीटर हेडला लागतानाच्या वरच्या 'क्लिक'मुळे, आणि हलक्या आघातात आधी जाते ती हीच क्लिक. म्हणजे त्या रात्री माईकमधून आलेली घरघर हा पाय चालत नसल्याचा पुरावा नव्हता. पाय अगदी बरोबर चालत असता तरी तशीच घरघर आली असती, फक्त जराशी कमी.

'जराशी' या शब्दावर सगळं प्रकरण अडलं होतं. किती कमी?

तपासणी

हा प्रश्न सोडवला बासिस्टने, कारण वाद मिटल्याखेरीज तालमी सुरू होणार नव्हत्या. त्याने सुचवलेली तपासणी इतकी साधी होती की ती आधी कुणाला सुचली नाही याचं नवल वाटतं. नवी केबल लावायची. किकमध्ये माईक ठेवायचा, ट्रिगरही ठेवायचा, आणि दोन्ही वेगवेगळ्या ट्रॅकवर एकाच वेळी रेकॉर्ड करायचे. मॉड्यूलचा जोराचा आकडा मोकळा सोडायचा आणि तोही नोंदवायचा. क्लिक ट्रॅक (कानात ठरावीक लयीची टिकटिक) लावून १८०, २००, २२० आणि २४०, प्रत्येक वेगात सलग मोठा पट्टा वाजवायचा. मग पडद्यावर दोन्ही तरंग एकाखाली एक ठेवून बघायचं.

ड्रमर आधी तयार नव्हता. "मी काय परीक्षेला बसलोय का?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं, पाचांतल्या एकालाच असं तपासायचं म्हणजे त्यात अपमान आहेच. शेवटी त्याने एक अट घातली: गिटारवादकाने त्याच क्लिकवर त्याच गाण्यांचे रिफ (गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) एका दमात, न जोडता, रेकॉर्ड करायचे. गिटारवादकाने हो म्हटलं. (ते रेकॉर्डिंग झालं, पण त्यावर कुणी कधी बोललं नाही. यावरून काय समजायचं ते समजावं.)

एक तुकडा सोडला (त्याबद्दल पुढे) तर ठोक्यांची संख्या जुळली. माईकच्या तरंगात जितकी शिखरं, तितकेच ट्रिगरचे ठोके, २४०लाही. वेळही बऱ्यापैकी नेटकी होती, उजवा पाय क्लिकला चिकटून, डावा किंचित मागे पण सातत्याने तेवढाच मागे. म्हणजे 'यंत्र वाजवतं' हा आरोप तिथेच संपला.

पण जोराचे आकडे बघितल्यावर खोलीतला आवाज बदलला. १८०ला दोन्ही पाय जवळपास सारखे. २००पासून डावा उतरायला लागला. २४०ला उजव्या पायाचा आकडा अर्ध्याच्या थोडा वर आणि डाव्याचा इतका खाली की काही ठोके उंबरठा जेमतेम ओलांडत होते. माईकच्या ट्रॅकवर तर एकाआड एक शिखर नुसतं उंचवट्यासारखं. १२७च्या कुलपाआड हे सगळं झाकलेलं होतं. ड्रमरलाही ते माहीत नव्हतं आणि मला ते खरं वाटतं, कारण तो सरावही ट्रिगर लावून, हेडफोन घालूनच करत असे. कानात दोन्ही पाय सारखेच दणदणत असतील तर डाव्याला ताकद कमी पडते हे कळणार कुठून?

ट्रिगरवरचा माझ्या मते खरा आक्षेप हा आहे, आणि गिटारवादकाने तो केलाच नव्हता. सेन्सर ऐकणाऱ्याला क्वचितच फसवतो. वाजवणाऱ्याला मात्र तो रोज, प्रत्येक सरावात, खोटं सांगत राहू शकतो.

आणखी एक गोष्ट निघाली. २०० बीपीएमच्या एका तुकड्यात ट्रिगरच्या ट्रॅकवर चार-पाच ठोके जास्तीचे होते. माईकवर त्यांचा मागमूस नाही. गिटारवादक खुर्चीतून उठला. पण ते ठोके ऐकले तर वेगवान वाटत नव्हते, अडखळल्यासारखे वाटत होते: दणक्याच्या पाठोपाठ लगेच एक अर्धवट दणका. कारण लवकरच सापडलं. त्या तुकड्यात ड्रमर बाजूच्या फ्लोर टॉम या ड्रमवर जोरात उतरतो. त्याचा कंप किकच्या कवचातून सेन्सरपर्यंत पोहोचत होता आणि उंबरठा खाली ठेवल्यामुळे मॉड्यूल त्याला ठोका समजत होतं. उंबरठा खाली कशासाठी? डाव्या पायाचे हलके ठोके सुटू नयेत म्हणून. एक दोष झाकायला दुसरा ओढवून घेतलेला.

मॉड्यूलमध्ये याच्या जोडीची आणखी एक कळ असते, एका ठोक्यानंतर सेन्सरने किती वेळ कान बंद ठेवायचे याची. ती फार कमी ठेवली तर हेडच्या थरथरीचेही ठोके होतात. फार जास्त ठेवली, समजा ७० मिलिसेकंद, तर २४०ला दुसरा ठोका ६२.५वर येतो आणि गिळला जातो, तिसरा १२५वर वाजतो. म्हणजे सेकंदाला १६ मारून ऐकू येतात आठ. ज्यांना वाटतं की ट्रिगरच्या कळा फिरवून कुणीही वेगवान होतं, त्यांनी एकदा या कळेशी झगडून बघावं. चुकीच्या सेटिंगमधून वेग निघत नाही, कचरा निघतो. समान अंतरावरचे ठोके हवेत तर ते समान अंतरावर मारावेच लागतात.

मग लबाडी कशाला म्हणायचं

खरी लबाडी करायचीच असेल तर रस्ते आहेत आणि ते सेन्सरच्या पलीकडे आहेत. ट्रिगरच्या आवाजावर लयीशी जुळवलेला एकच प्रतिध्वनी लावायचा: २४०ला अर्धेच ठोके मारायचे, प्रत्येकामागे ६२.५ मिलिसेकंदांनी यंत्र एक जास्तीचा सोडेल. किंवा क्लिक ट्रॅकबरोबर किकचा आधीच रेकॉर्ड केलेला ट्रॅक चालवायचा आणि पाय हलवत राहायचे. या दोन्हींत न मारलेला ठोका ऐकू येतो. माझ्यापुरती रेषा इथे आहे. मारलेल्या ठोक्याला दुसरा आवाज देणं रेषेच्या अलीकडे. न मारलेला ठोका ऐकवणं पलीकडे.

गिटारवादकाला ही रेषा फार सैल वाटली. त्याची आवड नेपाम डेथ या बँडच्या 'स्कम' अल्बमवर (१९८७) पोसलेली. ते ड्रम्स खरखरीत, घाणेरडे, आणि त्याच्या मते प्रामाणिक. वेगात किक अस्पष्ट झाली तर होऊ द्या. हा आग्रह मला आवडतो, पण तो इथे लागू पडत नाही. त्या जातीच्या ब्लास्ट बीटमध्ये (सलग अतिवेगवान तालात) किक स्नेअरशी आळीपाळीने पडते आणि घणघणाट हाच परिणाम अभिप्रेत असतो. या बँडची गाणी गिटारच्या प्रत्येक ठोशाखाली किकचा एकेक ठोका बसवून रचलेली, आणि ती रचना खुद्द त्याचीच. असे रिफ लिहायचे आणि किक अस्पष्ट असलेली चालेल म्हणायचं, हे दोन्ही एकदम जमत नाही.

दुसरीकडे, या संगीताला यंत्राचं वावडं कधीच नव्हतं. गॉडफ्लेश या बँडने 'स्ट्रीटक्लीनर' अल्बम (१९८९) ड्रम मशीनवर केला. अॅगोराफोबिक नोजब्लीडचे माणसाच्या आवाक्याबाहेरचे वेग ड्रम मशीनचेच. नेक्रोफॅजिस्टच्या 'ऑनसेट ऑफ प्युट्रिफॅक्शन'वर (१९९९) ड्रम्स प्रोग्रॅम केलेले आहेत आणि तरीही टेक्निकल डेथ मेटलवाले तो अल्बम डोक्यावर घेतात. मेशुगाकडे टोमास हाकेसारखा ड्रमर असून 'कॅच थर्टीथ्री'चे (२००५) ड्रम्स प्रोग्रॅम केले गेले, आणि त्यासाठी वापरलेल्या 'ड्रमकिट फ्रॉम हेल' या ड्रम-आवाजांच्या संग्रहातले नमुने हाकेनेच वाजवलेले. यांपैकी कुणाला लबाड म्हणत नाहीत, कारण कुणी लपवलं नाही. एकही ठोका न मारलेला अल्बम चालतो आणि प्रत्येक ठोका मारलेला ड्रमर 'खोटा' ठरतो, याचा अर्थ लोक यंत्रावर चिडलेले नसतात. जे पाहिलं असं वाटलं ते तसं नव्हतं, यावर ते चिडतात. तशी चीड या बँडमध्येही होती. नुसतं 'ट्रिगर आहे' एवढं माहीत असणं पुरलं नाही, कारण तो किती झाकतो हे कुणालाच माहीत नव्हतं.

काय ठरलं

तोडगा साउंड इंजिनिअरकडून आला, आणि त्याला तत्त्वात रस नव्हता. त्याचं दुखणं व्यवहाराचं. एका रात्रीत चार-पाच बँड, मधल्या वेळात किट बदलायचं, किकच्या माईकमध्ये बासचा स्पीकर शिरतोय, आणि तो माईक वाढवला की खालचा आवाज घुमायला लागतो. ट्रिगर त्याला हवाच होता. त्याने सुचवलं ते हे: ट्रिगरने आवाज सोडायचाच नाही, फक्त माईकवरचा गेट उघडायचा. ठोका पडला की सेन्सर गेटला इशारा देतो, गेट क्षणभर उघडतो, खऱ्या ड्रमचा आवाज बाहेर येतो, आणि बासची गळती येण्याआधी बंद. वेळ ट्रिगरची, आवाज लाकडाचा, जोर पायाचा.

२१० बीपीएमपर्यंतची गाणी अशीच वाजवायची ठरली. त्याहून वेगवान गाण्यांत माईकखाली सँपल (मॉड्यूलमधला साठवलेला आवाज) मिसळायचं, पण जोराचा आकडा १२७वर न अडकवता वरच्या पट्ट्यात हलता ठेवायचा, म्हणजे हलका ठोका थोडा तरी हलका ऐकू येईल. मिसळताना मॉड्यूलची काही मिलिसेकंदांची उशिराई मोजून माईकचा ट्रॅक तेवढाच मागे सरकवावा लागला, नाहीतर दोन्ही आवाज एकमेकांना खाऊन किक पोकळ होत होती. यात एक अख्खी तालीम गेली. आणि ड्रमरने सराव ट्रिगरशिवाय करायचा, हेडफोन न घालता. ही अट कुणी घातली नाही, त्याची त्यानेच घालून घेतली.

डावा पाय सुधारला, पूर्ण नाही. २२०पर्यंत माईकवर दोन्ही शिखरं आता जवळपास येतात. २४०चं गाणं बँडने २३२वर आणलं. गिटारवादकाने विरोध केला, मग वाजवून पाहिल्यावर रिफ जास्त जड लागतो असं स्वतःच म्हणाला. आरोप त्याने मागे घेतला नाही. नुसता पुन्हा केला नाही.

अल्बमच्या वेळी प्रश्न परत वर आला. स्टुडिओत माईकच्या किकवर सँपल चढवणं आणि संगणकावर ठोके क्लिकच्या रेघेवर ओढणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याने आवाज बदलतो, दुसऱ्याने वाजवणं बदलतं. माझ्या मते ट्रिगरवरून जितकी भांडणं होतात त्याच्या निम्मी तरी या दुसऱ्या कामावरून व्हायला हवीत. होत नाहीत, कारण ते डोळ्यांना दिसत नाही. ड्रमरने सुचवलं की अल्बमवर एक ओळ छापू: किकच्या आवाजात सँपल मिसळलेलं आहे, ठोके सगळे माणसाने मारलेले आहेत आणि सरकवलेले नाहीत. गिटारवादकाला कल्पना एकदम पटली. मग ड्रमरने पुढचं वाक्य सुचवलं, गिटारी तुकड्या-तुकड्यांनी वाजवून जोडलेल्या आहेत. त्यावर बरीच चर्चा झाली, जागा कमी पडते असं निघालं, आणि छापली गेली ती ओळ ड्रम्सपुरतीच.